अडला सांता, रुडॉल्फचे पाय धरी?

डिसेंबर उजाडला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन जणांनी पाठवला. त्यातली एक न्यू जर्सीची आत्तेबहीण, वर 'पोरांना दाखवण्याआधी वाच' अशी सूचना. दावा असा: १९६४ सालचा 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडियर' हा अमेरिकन टीव्हीवरचा नाताळचा बाहुलीपट मुलांच्या डोक्यात विष कालवतो. रेनडियरच्या लाल चकाकत्या नाकाच्या पिल्लाला सगळे छळतात, बापाला त्याची लाज वाटते, सांताही त्यांच्यातलाच. मग धुक्यात सांताची रेनडियर ओढतात ती गाडी अडते आणि सगळ्यांना त्याच नाकाचा पुळका येतो. म्हणजे अडला हरी, गाढवाचे पाय धरी. वर पुस्ती अशी की, त्या काळी यात कुणाला काही खटकलं नाही.

छळ होतो, हे मान्य. बाप डॉनर पिल्लाच्या नाकावर चिखलाचा गोळा थापतो. शिकवणारा कॉमेट सगळ्यांसमोर सांगतो की, याला यापुढे खेळात घ्यायचं नाही. सांता तिथेच उभा असतो आणि उलट डॉनरचीच लाज काढतो. सांताचं हे रूप मलाही आवडत नाही. सांतासाठी खेळणी बनवणारी बुटकी एल्फ मंडळी जीव तोडून गाणं म्हणतात तेव्हाही हा तोंड वाकडं करून बसलेला. हरवलेल्या मुलाला शोधायला आई निघते, तर डॉनर म्हणतो, हे पुरुषांचं काम. (ती ऐकत नाही. रुडॉल्फची मैत्रीण क्लॅरिस हिला घेऊन निघतेच.) पण एखादी गोष्ट दाखवणं वेगळं आणि ती बरोबर आहे असं सांगणं वेगळं. गोष्ट कुणाच्या बाजूने आहे ते बघा: पळून जाणाऱ्या पिल्लाच्या, आणि खेळणी बनवायची सोडून दातांचा डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या हर्मी नावाच्या एल्फच्या.

आता खरा मुद्दा. 'उपयोग दिसला तेव्हाच स्वीकारलं' हे घटनांच्या क्रमातच बसत नाही. रुडॉल्फ आणि हर्मी भटकून परत येतात, आपली कहाणी सांगतात, आणि तिथेच सगळ्यांना कळतं की आपण जरा जास्तच कठोर वागलो. डॉनर मुलाची माफी मागतो. एल्फांचा मुकादम हर्मीला नाताळनंतर दवाखाना उघडायची परवानगी देतो. आपलं चुकलं असावं, हे सांतालाही उमगतं. रुडॉल्फला वाटेत एका बेटावर भेटलेल्या, कुणालाच नको असलेल्या खेळण्यांना घरं शोधून द्यायचा शब्द तो देतो. हे सगळं आधी घडतं. हिमवादळामुळे नाताळ रद्द करायची वेळ येते ती त्यानंतर. नाकाचा उजेड कामाला येतो हे सांताला सुचतं, तोवर माफी मागून झालेली असते. आणि क्लॅरिस? तिने तर खेळातून हाकलल्यादिवशीच त्याला सांगितलं होतं की, तुझं नाक मला छान वाटतं. तेव्हा ना वादळ होतं, ना गाडी.

मग धुकं आलं कुठून? गाण्यातून. १९३९ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानासाठी रॉबर्ट मे यांनी ग्राहकांना फुकट वाटायची एक पुस्तिका लिहिली. पहिल्याच वर्षी तिच्या २४ लाख प्रती गेल्या. त्यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी त्यावरून गाणं केलं आणि १९४९ मध्ये ते गायक जीन ऑट्रींच्या आवाजात गाजलं. गाण्यात खरोखरच आधी चिडवाचिडवी, मग धुकं, मग सांताची विनंती आणि त्यानंतर सगळ्यांचं प्रेम. तिथे हा आक्षेप चपखल बसतो. पण पटकथा लिहिताना रोमियो म्युलर यांनी त्या दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात हर्मी, क्लॅरिस, नाकारलेल्या खेळण्यांचं बेट असं सगळं घातलं आणि माफी वादळाच्या आधी आणून ठेवली. मजकूर लिहिणाऱ्याने गाणं ऐकलंय. बाहुलीपट शेवटपर्यंत पाहिला असेल, असं वाटत नाही.

उपयोगीपणाचाच वाद घालायचा असेल तर रुडॉल्फच्या मागे लागलेल्या हिमराक्षसावरून घाला. हर्मी त्याचे सगळे दात काढतो, आणि शिडी न लावता झाडाच्या शेंड्यावर तारा लावता येतो म्हणून त्याला कामावर घेतात. त्याची बाजू घ्यायला मी येणार नाही.

'कुणाला खटकलं नाही' हे तर साफ चूक. ६ डिसेंबर १९६४, रविवारी, एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर हा पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा सांताने दिलेला शब्द पाळल्याचं दृश्यच त्यात नव्हतं. चौकोनी चाकांची आगगाडी, ठिपक्यांचा हत्ती, सगळी बेटावर तशीच वाट बघत राहिली. प्रेक्षकांनी तक्रारीची पत्रं धाडली. १९६५ च्या प्रक्षेपणात नवं दृश्य आलं: सांताची गाडी बेटावर उतरते आणि खेळण्यांना घेऊन जाते. या बाहुल्यांचं चित्रण जपानात तादाहितो मोचिनागा यांच्या देखरेखीखाली झालं होतं, एकेक बाहुली कणाकणाने हलवून, एकेक चौकट टिपत. तेव्हा नवं दृश्य जोडणं म्हणजे काही दुपारभराचं काम नव्हे.

मजकुराला यंदा एक शेपूटही चिकटलंय: नर रेनडियरची शिंगं नाताळापर्यंत गळून पडतात, म्हणून रुडॉल्फ मादीच. मोठ्या नरांची साधारण गळतात, खरंय. कोवळ्या नरांची मात्र थंडीतही टिकतात, आणि हा तर अजून कोवळाच. आवाज मात्र बाईचा होता, टोरंटोच्या बिली मे रिचर्ड्स यांचा.

१९६५ च्या त्या दुरुस्तीत एक घोळ आहे, तो या मजकुरात कसा नाही याचं मला नवल वाटतं. शेवटी एल्फ एकेका खेळण्याला छत्री देऊन गाडीतून खाली सोडतो. त्यात उडता न येणारा, फक्त पोहणारा पक्षी आहे. पक्षी म्हटल्यावर उडणारच, असं समजून एल्फ त्याला छत्री न देताच ढकलून देतो. यावर कुणी मजकूर काढला, तर पुढे पाठवायला मी तयार आहे.