मीटर शेवटचा कधी तपासला, ती तारीख बिलावर छापा

वीजबिल हातात घ्या. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, मंजूर भार, मीटर क्रमांक, सगळं सापडेल. मीटर शेवटचा कधी तपासला, ती तारीख तेवढी सापडणार नाही.

नियम आहे, आणि चांगला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांनुसार ग्राहकाचा मीटर ५ वर्षांतून किमान एकदा जागेवर तपासायचा, किंवा काढून नेऊन त्याजागी प्रयोगशाळेत तपासलेला दुसरा बसवायचा. आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून वापर एकदम बदललेला दिसला किंवा ग्राहकाने तक्रार केली, तर मधेही तपासायचा. जबाबदारी वितरण कंपनीची. पण व्यवहारात चाचणी म्हणजे काय, तर ग्राहकाने अर्ज करायचा, शुल्क भरायचं आणि मग कोणीतरी अ‍ॅक्युचेक, म्हणजे मीटर जागेवर तपासायचं यंत्र, घेऊन येणार. किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. इथे माल विकणारा, काटा पुरवणारा आणि काटा तपासणारा एकच, तरी शिक्क्याची तारीख विचारायची सोय नाही.

हे नुसतं तत्त्वाचं भांडण नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार मीटर सदोष निघाला, तर बिलाची दुरुस्ती वाद उपस्थित झाल्याच्या आधीच्या जास्तीत जास्त ३ महिन्यांची होते. मीटर ४ वर्षं जास्त पळत असेल आणि तुमच्या लक्षात आज आलं, तर बाकीचे पैसे गेले. मीटर हळू पळत असेल तर हाच नियम कंपनीला बुडवतो. म्हणजे वेळेवर चाचणी दोघांच्याही फायद्याची, तरीही तिचा हिशेब कोणी मागत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. इलेक्ट्रॉनिक मीटर स्वतःहून जास्त पळण्याचं प्रमाण लोक समजतात त्यापेक्षा बरंच कमी असतं. बिघाड बहुतेकदा आजूबाजूला असतो. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, टर्मिनल पितळेचं, स्क्रू नीट आवळलेला नाही. मग सांधा तापतो, ऑक्साइड साचतं आणि एक दिवस टर्मिनल ब्लॉक जळतो. डिस्प्ले कोरा पडतो, कारण आतल्या वीजपुरवठ्याचा कपॅसिटर दमलेला असतो. आणि सोसायट्यांच्या मीटर रूममधला खास रोग म्हणजे न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची, सरमिसळ. आपल्याकडचे सिंगल फेज मीटर चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. शेजारच्या फ्लॅटचा न्यूट्रल तुमच्या मीटरमधून परतत असेल, तर त्याचा एसी तुमच्या बिलात. मीटरवरचा ‘अर्थ’ दिवा सतत पेटलेला असेल तर पहिला संशय हाच घ्यायचा. अशा वेळी मीटर प्रयोगशाळेत नेला की ‘ठीक’ असा शेरा मिळतो, तो खराही असतो, आणि बिल तसंच चढं राहतं.

घरच्या घरी काय बघता येतं? मेन स्विच बंद करा. लाल पल्स दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर मीटर आणि स्विचच्या मधून कोणीतरी जोड घेतलाय, गळती आहे, किंवा काहीही चालू नसताना मीटर सरकतोय. नेमकं कोणतं, हे मीटरची बाहेर जाणारी वायर सोडल्यावरच कळतं. तिथे सील असतं, त्यामुळे ते काम कंपनीच्या माणसाचं. आपण हात लावायचा नाही. मग मेन चालू करून फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. मीटरवर युनिटला ३२०० पल्स (दिव्याची लुकलुक) लिहिलं असेल तर १० मिनिटांत साधारण ५३ पल्स यायला हव्यात. इस्त्री वापरू नका, तिचा थर्मोस्टॅट मधेच बंद होतो. व्होल्टेज २४० असेल तर २३० व्होल्टचा तोच बल्ब सुमारे १०७ वॅट घेतो, म्हणून या मोजणीत ३० टक्क्यांची चूक सापडेल, ३ टक्क्यांची नाही.

खऱ्या चाचणीतही एकाच भारावर आकडा घेऊन निघून जाणं पुरेसं नाही. ५-३० अँपिअरचा, अचूकतेच्या वर्ग १ मधला मीटर मधल्या भाराला १ टक्क्याच्या आत हवा, पण पाव अँपिअरला, म्हणजे सुमारे ६० वॅटला, दीड टक्का चालतो. कमी भार, जास्त भार, ०.५ पॉवर फॅक्टर (मोटरसारखा भार) आणि बिनभार, चारही नोंदी अहवालात हव्यात.

मोठ्या जोडण्यांत सीटी असते, म्हणजे करंट ठरावीक पटीत कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर; मीटरच्या रीडिंगला त्या पटीने, म्हणजे गुणकाने, गुणून बिल होतं. तिथली गोष्ट याहून गंभीर. १००/५ च्या सीटीला गुणक २०, २००/५ ला ४०. १००/५ ची सीटी काढून २००/५ ची बसवली आणि गुणक २० च राहिला, की निम्मंच बिल. एका फेजची व्होल्टेजची वायर सुटली, तर समान भार असताना एक तृतीयांश युनिट गायब. शिवाय गुणकाची चूक हा मीटरचा दोष धरत नाहीत, म्हणून ३ महिन्यांची मर्यादा तिथे आडवी येत नाही आणि लघुउद्योजकाच्या हातात एकदम फरकाचं मोठं बिल पडतं. सीटी आणि पीटी (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) यांच्यासह सगळी यंत्रणा तपासा, असं विनियम ६५० व्होल्टच्या वरच्या मीटरसाठीच स्पष्ट म्हणतात. लघुदाबाच्या सीटी जोडण्यांनाही तेच लागू करायला हवं.

स्मार्ट मीटर आले म्हणून हे संपत नाही. तो छेडछाड कळवतो, स्वतःची अचूकता तपासत नाही. जुना मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो स्वतः काढून ठेवा. रीडिंगबद्दल शंका असेल तर ग्राहक हक्क नियमांतली २०२४ ची दुरुस्ती वापरा: तक्रारीपासून ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि किमान ३ महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा. २०२० च्या मूळ नियमांत तक्रारीनंतर ३० दिवसांत चाचणीचं बंधन आहेच.

आयोगाकडे मागणी दोनच. चाचणीची तारीख बिलावर. आणि कोणत्या बनावटीचे, कोणत्या वर्षीचे किती मीटर चाचणीत नापास झाले, याचा तक्ता दरवर्षी जाहीर. तोवर अर्ज उपविभाग कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, चाचणी तुमच्यासमोर मागा, सील तोडण्याआधी त्याचा क्रमांक टिपा आणि अहवालाची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका.