पुयोल नुसता जिगरबाज होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बार्सिलोना आणि स्पेनचा बचावपटू कार्लेस पुयोल याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. मुद्दे थोडक्यात असे: पुयोलकडे जिगर होती, पण कौशल्य बेताचंच, लांब पास तर नाहीतच. शेजारी बचावात पिके आणि पुढे मधल्या फळीत झावी-इनिएस्ता असल्यामुळे त्याचं निभावलं. जर्मनीविरुद्धचा गोल नशिबाचा. 2010 च्या अंतिम सामन्यात रॉबेनने त्याला मागे टाकलं, ते लेखात नाही. शेवटची काही वर्षं तर तो दुखापतींमुळे बाहेरच होता, तरी लेखात त्याला महान म्हटलंय. दुखापतींचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. बाकीचं बरंचसं मात्र मला पटत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

आधी गोलचं बघू. 7 जुलै 2010, डर्बन, विश्वचषकाची उपांत्य फेरी, 73वं मिनिट. झावीने डावीकडून कॉर्नर घेतला आणि पुयोलने धावत येऊन चेंडू डोक्याने जाळ्यात मारला. हा माणूस 1 मीटर 78 सेंटिमीटरचा, म्हणजे सेंटर बॅकच्या (बचावाच्या मधोमध खेळणाऱ्याच्या) मानाने बुटकाच. जर्मनीचे बहुतेक बचावपटू त्याच्यापेक्षा उंच. मग चेंडू त्याला कसा मिळाला? जागेवर उभा असलेला खेळाडू सरळ वर उडतो. पाच-सहा पावलं धावत आलेला खेळाडू आपला वेग उडीत घालतो, त्यामुळे तो वरही जास्त जातो आणि चेंडूवर मारही जोरात बसतो. म्हणूनच पुयोल गर्दीत उभा न राहता मागे, पेनल्टी बॉक्सच्या कडेला थांबला.

हे सांगायला सोपं आहे, जमवायला अवघड. धाव अर्धा सेकंद आधी सुटली तर खेळाडू चेंडूच्या खाली येऊन अडकतो आणि हेडर बारवरून जातो. उशीर झाला तर समोरचा आधीच उडालेला असतो. कॉर्नर गोलपोस्टच्या फार जवळ पडला की गोलकीपर पुढे येऊन तो उचलतो. म्हणून झावीचा चेंडू जर्मनीचा गोलकीपर नॉयर याच्या आवाक्याबाहेर, पेनल्टी स्पॉटच्या आसपास आणि जोरात यावा लागला. त्याच चेंडूसाठी पिकेही उडाला होता. रिप्ले पुन्हा लावा आणि चेंडू सोडून फक्त 5 नंबरच्या शर्टाकडे बघा: धाव कुठून सुरू होते आणि कुठे पोचल्यावर पाय जमीन सोडतात.

शिवाय हे एकदाच घडलेलं नाही. 2 मे 2009 रोजी बार्सिलोनाने रिआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 6-2 हरवलं, त्यात झावीच्या फ्री किकवर पुयोलचा हेडर होता. दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून त्याने तिचं चुंबन घेतलं, तो हाच गोल. जानेवारी 2012 मध्ये त्याच मैदानावर कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या सामन्यात झावीच्या कॉर्नरवर पुन्हा पुयोल, या वेळी सूर मारून. बार्सिलोनासाठी 593 सामन्यांत त्याचे गोल 18 आहेत, म्हणजे फार नाहीत. पण तीन मोठ्या सामन्यांत चेंडू देणारा झावीच आणि मारणारा पुयोलच असेल, तर त्याला नशीब म्हणता येत नाही.

आता बचाव. पिकेमुळे त्याचं निभावलं, हे उलटंही तितकंच खरं आहे. प्रशिक्षक ग्वार्दिओलाच्या बार्सिलोना संघात पिके उजवीकडचा सेंटर बॅक आणि पुयोल डावीकडचा. पुयोल उजव्या पायाचा. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे खेळला की पास घेताना त्याचं अंग आतल्या बाजूला वळतं आणि टचलाइनकडचा पास अवघड होतो. ही गैरसोय त्याने पत्करली आणि त्यामुळे पिकेला सोयीच्या बाजूने चेंडू पुढे नेता आला. पिकेइतके लांब पास पुयोलकडे नव्हते, हे तुमचं म्हणणं मान्य. पण तो ते करायला जातच नव्हता. जवळच्या माणसाला साधा पास द्यायचा आणि लगेच आपली जागा धरायची, एवढंच.

त्याचं खरं काम बचावफळीच्या मागे होतं. तो संघ मध्यरेषेच्या जवळ बचाव करायचा, म्हणजे गोलकीपरच्या पुढे तीस-चाळीस मीटर मोकळं मैदान. समोरच्याच्या पायात चेंडू आहे, त्याच्यावर दबाव नाही आणि त्याने मान वर केली, तर मागे लांब पास येणार हे ठरलेलं. अशा वेळी बचावपटू चेंडूकडे तोंड करून सरळ उभा राहिला की संपलं: वळण्यातच दीड-दोन मीटर जातात. पुयोल अंग आधीच अर्धं वळवून ठेवायचा आणि पास सुटण्याआधीच मागे निघायचा. धावायचा तेही चेंडूकडे नाही, तर स्ट्रायकर आणि गोल यांच्या मधल्या जागेकडे, म्हणजे स्ट्रायकरला बाहेरच्या बाजूला वळावं लागायचं. त्याची घसरून केलेली टॅकल सगळ्यांच्या लक्षात राहते, पण ती शेवटचा उपाय होती. एकदा जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे दोन सेकंद कामाचा नसतो.

हे कधी फसायचं? समोरचा सरळ वेगात त्याच्याहून जलद असेल तेव्हा. 2010 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत नेदरलँड्सचा रॉबेन त्याला मागे टाकून गेला. पुयोलने त्याला हाताने धरायचा प्रयत्न केला, रॉबेन पडला नाही आणि स्पेनचा गोलकीपर कासियासने पुढे येऊन चेंडू ताब्यात घेतला. रॉबेन तिथे पडला असता तर पुयोलला लाल कार्ड मिळू शकलं असतं. हा प्रसंग माझ्या लेखात असायला हवा, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. त्याच्यासोबत हेही लिहावं लागेल की त्या स्पर्धेच्या सात सामन्यांत स्पेनवर फक्त दोन गोल झाले आणि बाद फेरीत एकही नाही. पिके-पुयोल ही जोडी सातही सामन्यांत होती.

कौशल्य बेताचं असतं तर प्रशिक्षकांनी त्याला इतक्या जागी खेळवलंच नसतं. ला पोब्ला दे सेगूर या गावात तो लहानपणी गोलकीपर होता, मग फॉरवर्ड. ला मासिया या बार्सिलोनाच्या अकादमीत आला 1995 मध्ये, सतराव्या वर्षी. झावी तिथे अकराव्या वर्षी आलेला. म्हणजे पुयोलला पासिंगचं ते शिक्षण उशिराच मिळालं. 1998 मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी मालागा क्लबची ऑफर मान्य केली होती, तोच जायला तयार झाला नाही. 1999 मध्ये प्रशिक्षक फान खालच्या हाताखाली राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) म्हणून पदार्पण. बार्सिलोना सोडून रिआल माद्रिदला गेलेला फिगो ऑक्टोबर 2000 मध्ये पहिल्यांदा कँप नोऊ या बार्सिलोनाच्या मैदानावर परतला, तेव्हा त्याला सावलीसारखं चिकटायचं काम पुयोलकडे होतं. बार्सिलोना 2-0 जिंकली.

दुखापतींबद्दल मात्र वाद नाही. गुडघ्याने त्याला 2011 पासून सोडलं नाही. 2011 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला तो शेवटच्या काही मिनिटांत बदली म्हणून आला, 2012 चा युरो हुकला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिस्बनला कोपर निखळलं, 2013 मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया. 2014 मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो थांबला. ज्याचा सगळा खेळ वळण्यावर आणि पहिल्या चार पावलांवर उभा आहे, त्याचा गुडघा गेला की अनुभवाने भरपाई होत नाही. म्हणून 2012 नंतरचा पुयोल बघून आधीच्या दहा वर्षांबद्दल मत बनवू नका.

जमल्यास 2009 ची रोममधली चॅम्पियन्स लीग फायनल पुन्हा बघा. बार्सिलोनाचे बचावपटू आल्वेस आणि आबिदाल निलंबित, मार्केझ जायबंदी. मधल्या फळीतला यया तुरे सेंटर बॅक झाला आणि पुयोल परत आपल्या जुन्या जागी, राइट बॅकला. समोर मँचेस्टर युनायटेड, आणि त्याच्या बाजूला बराच वेळ रूनी. पहिली दहा मिनिटं युनायटेडचंच पारडं जड आहे. त्या वेळात पुयोल तुरेपासून किती अंतरावर उभा राहतो आणि पुढे कधी जात नाही, तेवढंच बघा. मग इथेच पुन्हा लिहा, वाट बघतो.