ज्या मुलाने मला नकार द्यायला सांगितलं

गेले काही दिवस आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुप्सवर एका मोडलेल्या लग्नाची चर्चा चालू आहे. नाव कोणी लिहीत नाही पण सगळ्यांना माहीत आहे. लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं आणि मुलीला कळलं की नवऱ्याचं लग्नाच्या आधीपासून एका मुलावर प्रेम आहे. त्यावर जे काय लिहिलं जातंय ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. "अशांनी आधीच सांगायला पाहिजे", "भित्रा कुठला", "मुलीचं आयुष्य बरबाद केलं". यातलं शेवटचं शंभर टक्के खरं आहे, त्या मुलीसाठी माझा जीव तुटतो. पण पहिली दोन लिहिणाऱ्यांमधे काही जण तेच आहेत जे त्याच ग्रुपवर रोज बायोडेटा फिरवतात आणि पस्तिशीतल्या मुलाच्या आईला भर हळदीकुंकवात विचारतात, "अजून काही जमलं नाही का हो?" म्हणून लिहितेय.

मी बोलू शकते कारण मी अशीच एक बायको होता होता वाचले, आणि मला वाचवलं ते त्या मुलानेच.

त्याचं नाव गाव सांगणार नाही. बडोद्यापासून तासाभरावरचं गाव, गायकवाडीत नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या लोकांची जी थोडी घरं अजून आहेत त्यातलं एक घर, वडिलांचं दुकान, आता तोच बघतो. मला बघायला बरेच जण येऊन गेलेत त्यामुळे कोण असेल हे शोधत बसू नका. आणि ही पोस्ट त्याला वाचून दाखवूनच टाकतेय, त्याने जे काढ म्हटलं ते काढलंय, जे बदल म्हटलं ते बदललंय.

तर पोहे झाले, चहा झाला, मग नेहमीचं "तुम्ही दोघं जरा बोलून घ्या" म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. त्याने माझा पगार, आवडीनिवडी काही विचारलं नाही. खाली कोणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही मला नाही म्हणाल का? मी म्हटलं तर घरात फार होईल." मी विचारलं, दुसरी कोणी आहे का? म्हणाला, आहे. मी म्हटलं मग तिच्याबद्दल घरी सांगून टाका ना सरळ. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ती नाही. तो आहे."

हे त्याने तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते एका अनोळखी मुलीला, जी पाच मिनिटांत खाली जाऊन सगळ्यांसमोर बोलू शकली असती, आणि संध्याकाळच्या आत ते दांडिया बाजारपासून त्याच्या गावच्या एसटी स्टँडपर्यंत पोचलं असतं. तरी सांगितलं, कारण गप्प बसला असता तर मी कदाचित हो म्हणाले असते. मुलगा चांगला होता, मला आवडला होता.

मी नाही म्हटलं. घरी मला खूप ऐकावं लागलं, आत्या तर कितीतरी दिवस बोलली नाही. नंतर आमची मैत्री झाली आणि मग मी ते प्रेम जवळून बघितलं. ज्यांना वाटतं की ही असली प्रकरणं म्हणजे नुसती मजा असते, अ‍ॅपवरची, दोन दिवसांची, त्यांना मला ते दाखवायचंय.

दुसरा मुलगा बडोद्याचा, गुजराती. युनिव्हर्सिटीत दोघं बरोबर होते. कॉलेज संपलं, हा गावी परत गेला, आणि तेव्हापासून दुकानाचा माल आणायच्या निमित्ताने जेवढं येता येईल तेवढं येतो. रावपुऱ्यात काम उरकायचं, कुठेतरी उभ्या उभ्या सेव उसळ खायची, कमाटी बागेत एका बाकावर मधे पिशवी ठेवून बसायचं आणि शेवटची बस पकडायची. फोनमधे एकही फोटो नाही. वाढदिवसाला एकमेकांना दिलेल्या वस्तू अशा की घरी कोणी विचारलं तर "मीच घेतला" म्हणता यावं, बेल्ट, पाकीट, पेन. एकाच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा दुसरा रात्रभर बाहेर बसून होता, सकाळी सगळे म्हणाले मित्र असावा तर असा.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, मी दोघांना आमच्याकडे बोलवते. पहिल्या वर्षीचं मला अजून दिसतं, सकाळी पतंग चढवायच्या आधी हा त्याच्या एकेका बोटाला मांजा लागू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळून देत होता, एवढं लक्ष देऊन की आजूबाजूला लाउडस्पीकर, "काय पो छे", पोरांचा दंगा, त्याला काही ऐकूच येत नव्हतं. मग दिवसभर तो उडवतोय आणि हा फिरकी धरून मागे उभा. आमच्या पोळेतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, सगळ्यांसमोर दोघं दिवसभर एकत्र होते आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मात्र लक्षात आलं. त्याने मला हळूच विचारलं, मी मान हलवली, तो म्हणाला, "बरं, उंधियू आधी त्यांना वाढ, सकाळपासून काही खाल्लं नाहीये त्यांनी." त्या दिवशी मला माझा नवरा फार आवडला.

आता याची किंमत काय ते पण ऐका. सुरुवातीला मुलीच नाही म्हणतात म्हणून चाललं, पण असं किती वर्षं चालणार, मग त्याला स्वतःला नाही म्हणायला लागलं. आईने पत्रिका दाखवली, मंगळ निघाला, मग पितृदोष निघाला, मग त्याला त्र्यंबकेश्वरला नेऊन नारायण नागबळी केला. तीन दिवसांचा विधी असतो तो. सोवळं नेसून तीन दिवस गुरुजी सांगतील ते ते त्याने केलं, आईच्या समाधानासाठी. घरी आल्यावर आईने नवीन स्थळ काढलं आणि त्याने परत नाही म्हटलं. वडिलांचं बीपी वाढलं की त्याच्यामुळे, धाकट्या भावाचं लग्न रखडलं की त्याच्यामुळे. कारण सांगत नाही, भांडत नाही, पण कोणा मुलीच्या गळ्यात स्वतःला बांधून घेत नाही. एकदा हो म्हटलं असतं तर हे सगळं त्याच दिवशी थांबलं असतं, आईने पेढे वाटले असते. भित्रा माणूस असं करत नाही हो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की लपून राहणं आणि फसवून लग्न करणं या दोन गोष्टी एकत्र करू नका. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हा त्याचा प्रश्न आहे, आयुष्यभर नाही सांगितलं तरी त्याने कोणाचं काही घेतलेलं नाही. मुलीला न सांगता तिच्याशी लग्न करणं हा अन्याय आहे आणि त्याला माझ्याकडे माफी नाही. पण पहिल्याकडून दुसऱ्याकडे माणसाला ढकलतं कोण? आपण ढकलतो. तो नाही म्हणत असतो आणि आपण त्याचं नाही ऐकून घेत नाही.

हे आपल्या इथलंच आहे. राजपीपळ्याचे राजकुमार मानवेंद्रसिंह गोहिल आठवत असतील. १९९१ मधे त्यांचं रीतसर लग्न लावून दिलं होतं, ते वर्षभरात मोडलं. २००६ मधे त्यांनी गुजराती पेपरात उघडपणे सांगितलं की मी समलैंगिक आहे, तर गावात पुतळे जाळले, घरच्यांनी संबंध तोडले. मी तेव्हा शाळेत होते, आमच्याकडे मोठी माणसं त्या बातमीबद्दल आवाज खाली करून बोलायची. राजाच्या मुलाचं असं झालं तर दुकानदाराच्या मुलाचं काय होईल, हे आमच्या भागातल्या अशा प्रत्येक मुलाने त्या वर्षी मनात नोंदवून ठेवलं असणार. त्याने तर नक्कीच ठेवलं होतं, मला सांगितलंय. त्यांनीच पुढाकार घेऊन काढलेला लक्ष्य ट्रस्ट बडोद्यात २००० पासून अशा लोकांसाठी काम करतोय हे मात्र त्याला कितीतरी उशिरा कळलं.

आणि प्राध्यापक श्रीनिवास सिरस. मराठीचे प्राध्यापक, आपल्या मुलखापासून दूर अलीगढमधे शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१० मधे त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली, विद्यापीठाने निलंबित केलं. १ एप्रिलला हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली, ७ एप्रिलला ते खोलीत मृत सापडले. त्यांनी तर कोणाची फसवणूक केली नव्हती, आपल्या घरात दार लावून होते. मग "आधीच सांगायचं ना" म्हणणाऱ्यांनी सांगावं की दार लावून बसलेल्या माणसाचं हे होतं तर सांगणाऱ्याने कशाच्या भरवशावर सांगायचं.

मला माहीत आहे कोणीतरी लिहिणार, आता तर कायदा आहे. आहे ना. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ खाली समलैंगिक संबंध गुन्हा ठरत होते ते काढलं, मी त्याला आनंदाने फोन केला, तो म्हणाला दुकानात गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो. त्याला पोलिसांची भीती कधी नव्हतीच, आईची होती. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या हक्काचा निकाल विरुद्ध गेला. ऑगस्ट २०२४ मधे अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की असे जोडीदार जॉइंट खातं उघडू शकतात, नॉमिनी लावू शकतात. चांगलं आहे, पण गावात बँक म्हणजे जिथे कॅशियर वडिलांबरोबर रोज संध्याकाळी चहा पितो ती बँक, आणि फॉर्मवर नात्याचा रकाना आहे. मुंबई पुण्याहून "बी ब्रेव्ह, बाहेर ये" लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचं मन चांगलं आहे, पण त्याचं दुकान वडिलांच्या नावावरच्या उधारीवर चालतं आणि म्हातारे आईवडील त्याच्याच जवळ आहेत. तो कुठेही जाणार नाहीये.

मेळावे भरवणाऱ्या आणि ग्रुप चालवणाऱ्या काका-काकूंना माझी मनापासून विनंती आहे. मुलगा असो मुलगी असो, बायोडेटा घ्यायच्या आधी त्यांना एकटं भेटून विचारा की लग्न करायचंय का. नाही म्हटलं तर का ते विचारू नका, आईला कळवू नका, डॉक्टर ज्योतिषी सुचवू नका, विषय तिथे सोडा.

आमच्या घरात सध्या दिराचं बघणं काढलंय. मी सासूबाईंना म्हटलं, आधी त्याला एकट्याला विचारा आणि नाही म्हणाला तर मी तुमच्याबरोबर आहे. त्यांना थोडं विचित्र वाटलं पण त्यांनी विचारलं. त्याला करायचंय लग्न, मनापासून करायचंय, तर आता जोरात शोध चालू आहे. मुलीकडच्यांना पण आम्ही पहिलं हेच सांगतोय, की तिला एकटीला विचारा आणि मगच आम्हाला फोन करा.