नाक्यावरचा रोज नक्की कोण पाडतं?

‘परप्रांतीय मजुरांनी बांधकामातली मराठी माणसाची कामं हिरावली, मजुरी पाडली, पैसा गावी नेला आणि वर सरकारी योजनाही लाटल्या.’ असा मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. एकेक विधान तपासू.

‘कामं हिरावली.’ सकाळी मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन बघा. बिहार, बंगालमधल्या मालद्याच्या माणसांशेजारीच जालना-बीडची माणसं कामाची वाट बघत असतात. मराठवाड्यातून आलेला बिगारीही स्थलांतरितच, हे हा मजकूर विसरतो. शिवाय स्लॅबचा साचा उभारणारा सेंट्रिंगवाला आणि सळई बांधणारा आला नाही, तर स्लॅब टाकता येत नाही. मग गवंडी, प्लंबर, वायरमन, टाइलवाला सगळ्यांचंच काम अडतं. २०२० मध्ये टाळेबंदी सैल झाली तरी मजूर गावी गेल्यामुळे अनेक साइट रखडल्या होत्या. काही बिल्डरांनी तर तिकिटं काढून माणसं परत आणली.

‘मजुरी पाडली.’ यात तथ्य आहे, ते नाकारू नये. नाइलाजाने कमी पैशात राबणारा माणूस शेजारी उभा असला की सगळ्यांचाच रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, दबतो. पण त्याचा नाइलाज येतो कुठून? गावातच त्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. साइटवर आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यापुरते पैसे, हातात पडते, बाकीचा हिशेब काम संपल्यावर. मजूर मध्येच सोडून गेला तर तो हिशेब बुडालाच. बिल्डर, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशा उतरंडीत प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात सारख्या कामाला स्थानिकापेक्षा कमी मजुरी देऊ नये, अशी स्पष्ट तरतूद होती. ती नीट पाळली असती, तर स्वस्त पडतो म्हणून दूरचा माणूस आणण्यात कुणाचाच फायदा उरला नसता. मला राग येतो तो इथे: तरतूद मोडणारा मोकळा, आणि शिव्या मजुराला.

‘पैसा गावी नेला.’ नेतो, पोरंबाळं तिथे असतात. त्याने बांधलेली इमारत मात्र इथेच राहते.

‘योजना लाटल्या.’ बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा पैसा १९९६ च्या कायद्याने आलेल्या उपकरातून, म्हणजे बांधकाम खर्चाच्या १ टक्क्यातून जमा होतो. त्याचा लाभ घ्यायला नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. दर दोन महिन्यांनी साइट बदलणाऱ्याचं नाव हजेरीच्या वहीतच नसतं. मग तो जालन्याचा असो की मालद्याचा, दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे हिंडण्यात त्याचा रोज बुडतो.