झाडं हिरवी, घरं राख: हा लेझरचा पुरावा नव्हे

अमेरिकेत वणव्यात वस्ती जळाली की फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो: घरांची राख, शेजारची झाडं मात्र हिरवीगार; गाड्यांची ॲल्युमिनियमची चाकं वितळलेली; मधेच एक घर शाबूत. म्हणजे वरून लेझर मारला, वणव्यासाठी घराची तयारी-बियारी सगळं थोतांड! आपली कितीतरी माणसं कॅलिफोर्नियात राहतात, त्यामुळे ही शेवटची ओळ हसण्यावारी नेता येत नाही.

आधी झाडं. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, त्या आगीत ८५ माणसं गेली. तिथेही झाडं उभी होती. कारण वणवा दारापर्यंत ज्वाळांची भिंत होऊन येतोच असं नाही. वाऱ्यावर निखारे येतात, आगीच्या दीड-दोन किलोमीटर पुढेसुद्धा. ओल्या पानावर पडले तर विझतात. पन्हळीतल्या सुक्या पाचोळ्यात, दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर, माळ्याच्या झरोक्यातून आत पडले, की घर पेटलंच. झाड नुसतं होरपळतं.

ज्वाळांची धग किती लांबून घर पेटवते? कॅनडाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी मुद्दाम आग लावून लाकडी भिंती तपासल्या होत्या. जळत्या जंगलापासून १० मीटरवरच्या काही पेटल्या. २० आणि ३० मीटरवरची एकही नाही.

चाकांचं काय? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं. जळत्या गाडीची आग त्याहून जास्त तापते. विषय संपला.

आता ते शाबूत घर. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यात जळालेल्या हवाईतल्या लहैना गावात सगळी राख आणि मधे एक लाल छपराचं घर, तो फोटो. ‘हेच का वाचलं?’ अहो, मालकांनी डागडुजीत जुनं डांबरी छप्पर काढून पत्र्याचं घातलं होतं, भिंतीलगतची झाडं-झुडपं उपटून नदीतले गोटे पसरले होते. तेही वणव्यासाठी नव्हे! नशिबाचाही वाटा असणारच. पण फॉरवर्डवाल्यांनी आपल्याच विरुद्ध पुरावा दिला की नाही?

तयारी म्हणजे हमी, असं मात्र मी म्हणणार नाही. दाटीच्या वस्तीत शेजारचं घर पेटलं की त्याची धग तुमच्या काचा फोडते, मग गोटे काय करणार? म्हणून पन्हळ साफ करताना शेजाऱ्यालाही हाक मारा. झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावा, भिंतीपासून पाच फुटांत झुडूप, लाकूडफाटा काही ठेवू नका. आणि लाकडी कुंपण घराला भिडत असेल तर तेवढा तुकडा लोखंडी करून घ्या; नाहीतर आग त्यावरून थेट भिंतीला लागते.