सेरामपूर कॉलेज मेकॉलेनं काढलेलं नाही

सेरामपूर कॉलेजबद्दल (बंगालमधलं, आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे) एक मजकूर खूप फिरतोय. म्हणे, हे कॉलेज इंग्रज सरकारनं काढलं, मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या योजनेप्रमाणे इंग्रजी बाबू तयार करायला. आणि प्रवेश फक्त ख्रिस्ती मुलांना.

सरकारचं म्हणाल तर तेव्हा राज्य करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. धर्मप्रचारानं लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही धास्ती. म्हणून तर मार्शमन आणि वॉर्ड १७९९ साली हुगळीकाठच्या सेरामपूरला उतरले, पाठोपाठ विल्यम केरीही तिथे आला. ते गाव डेन्मार्कचं होतं, कंपनीचं नव्हे. बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या या तिघा मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये कॉलेज काढलं. पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये मिळाली, तीही डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून. गाव इंग्रजांकडे गेलं १८४५ मध्ये.

भारतात इंग्रजी शिक्षण द्यावं असं सांगणारं मेकॉलेचं टिपण १८३५ चं. कॉलेज त्याआधी सतरा वर्षांचं, आणि केरी तर १८३४ मध्येच वारला होता. बरं, शिकवायचं काय होतं? संस्कृत, बंगाली, आणि जोडीला युरोपीय विज्ञान. केरीला देशी भाषा तुच्छ वाटत असत्या तर त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश कशाला छापला असता? त्या कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. त्यामागे केरीला मराठीत मदत करणाऱ्या वैजनाथ पंडितांची मेहनत आहे, हेही विसरू नये.

प्रवेशाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. संस्थापकांनी जाहीर केलेलं कॉलेजचं वर्णनच असं होतं: ‘आशियाई ख्रिस्ती व इतर तरुणांसाठी’. त्यातलं ‘व इतर’ नीट वाचा. पहिल्या ३७ विद्यार्थ्यांत १९ ख्रिस्ती होते, १४ हिंदू. जात, वर्ण किंवा देश यावरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असं १८३३ च्या नियमावलीत लिहून ठेवलंय. धर्मप्रसाराचा हेतू होताच. संस्थापकांनी तो कधी लपवला नाही, मीही लपवणार नाही. शिवाय १८८३ नंतर काही वर्षं तिथे खरोखरच फक्त ख्रिस्ती प्रचारक घडवले जात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉवेल्स या प्राचार्यांनी इतर विषयांचे वर्ग पुन्हा सुरू केले. मधल्या त्या काही वर्षांवरून अख्ख्या कॉलेजवर शिक्का मारणं मला मान्य नाही.