रेडमंड साम्राज्याचे दलाल होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रिटिश पार्लमेंटातल्या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून, तिखट लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं की, रेडमंड म्हणजे साम्राज्यासाठी सैनिक गोळा करणारा दलाल. आयर्लंड स्वतंत्र झालं ते १९१६ च्या डब्लिनमधल्या सशस्त्र उठावातल्या रक्तामुळे, पार्लमेंटातल्या भाषणांमुळे नव्हे. आणि टिळकांच्या महाराष्ट्रात बसून मी एका मवाळाची आरती ओवाळतोय. शेवटी तुम्ही विचारता, माणूस एवढा मोठा होता तर १९१८ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याचा पक्ष का बुडवला?

टिळकांचं नाव तुम्हीच काढलंत, तर तिथूनच सुरुवात करू. मंडालेहून सुटून आल्यावर, महायुद्धाला तोंड फुटताच, २७ ऑगस्ट १९१४ रोजी टिळकांनी जाहीर निवेदन काढलं. संकटाच्या वेळी सरकारला मदत करावी, असं त्यात होतं. शिवाय आयर्लंडचे होमरूलवाले (साम्राज्यात राहून स्वतःचा कारभार मागणारे) करतात त्याप्रमाणे आम्हालाही कारभारात सुधारणा हवी आहे, सरकार उलथवायचं नाही, असंही त्यांनी स्वच्छ लिहिलं. हे होमरूलवाले म्हणजे कोण? त्या वेळी त्यांचे नेते रेडमंडच होते. १९१६ मध्ये बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली, तिचं नावही त्याच चळवळीतून आलेलं. टिळकांना परका न वाटलेला मार्ग आपण ‘दलाली’ या एका शब्दात निकालात काढू नये.

आता रेडमंडांनी मिळवलं काय? १८९० मध्ये तेव्हाचे नेते पार्नेल यांच्यावरून पक्ष दुभंगला, तेव्हा रेडमंड पडत्या नेत्याच्या बाजूने, म्हणजे अल्पमतात उभे राहिले. १९०० मध्ये पक्ष पुन्हा एक झाला आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. कुळांना जमीन विकत घेता येईल असा १९०३ चा कायदा ज्या परिषदेतून निघाला, तिच्यात ते होते. पुढे १९१० च्या दोन्ही निवडणुकांत लिबरल आणि होमरूलविरोधी युनियनिस्ट जवळपास सारखेच निवडून आले आणि सरकार तारायचं की पाडायचं हे रेडमंडांच्या हाती आलं. त्या बळावर वरिष्ठ सभागृहाचा, म्हणजे लॉर्ड्सचा, नकाराधिकार मोडणारा १९११ चा कायदा झाला. तो झाला नसता तर होमरूलचं विधेयक १८९३ सारखंच लॉर्ड्समध्ये मेलं असतं. १८ सप्टेंबर १९१४ रोजी त्याच विधेयकावर राजाची सही झाली. अंमल मात्र युद्ध संपेपर्यंत लांबवला गेला आणि होमरूल नको म्हणणाऱ्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

दोनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, विक्लोतल्या वुडनब्रिजला रेडमंडांनी होमरूलच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आयरिश स्वयंसेवक दलाला सांगितलं की, युद्धाची आघाडी जिथे असेल तिथे जा. तुमचा सगळा राग या भाषणावर आहे. त्यामागचा हिशेब मात्र तुम्ही पाहत नाही. उत्तरेत युनियनिस्ट नेते कार्सन यांच्या अल्स्टर दलाने एप्रिल १९१४ मध्ये हजारो रायफली चोरून उतरवल्या होत्या आणि आता ते दलही सैन्यात भरती होत होतं. उत्तरेचे प्रॉटेस्टंट आणि दक्षिणेचे कॅथलिक एका खंदकात लढले तर परतल्यावर एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, ही रेडमंडांची आशा होती. त्यांचा भाऊ विली पन्नाशी ओलांडून सैन्यात गेला आणि जून १९१७ मध्ये बेल्जियममधल्या मेसिनला पडला. जखमी झाल्यावर त्याला उचलून नेलं ते अल्स्टर डिव्हिजनच्या माणसांनी. जो स्वतःच्या घरातला माणूस त्या आगीत जाऊ देतो, त्याला दलाल म्हणणं मला पटत नाही. त्या युद्धात तीस हजारांहून अधिक आयरिश मेले. हा आकडा मी कधीही हलका करणार नाही, पण रेडमंडांनी त्यांना फसवून मरणाच्या दारी धाडलं असंही म्हणणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो तुमच्या आक्षेपाहून कठोर आहे. रेडमंडांनी पदरात काही पडण्याआधीच हातातलं सगळं देऊन टाकलं. युद्धमंत्री किचनर यांनी अल्स्टरवाल्यांना जशी स्वतःची डिव्हिजन दिली, तशी वागणूक दक्षिणेच्या स्वयंसेवकांना दिली नाही. रेडमंड विनवण्या करत राहिले. मे १९१५ मध्ये संमिश्र मंत्रिमंडळात कार्सन बसले, रेडमंडांनी पद नाकारलं. तत्त्वाला धरून नाकारलं, हे खरं. पण आयर्लंडचे निर्णय होत होते त्या खोलीत आयर्लंडचा नेताच नव्हता! टिळकांचा व्यवहार इथे वेगळा दिसतो. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत लॉर्ड विलिंग्डन यांच्यासमोर ते स्वराज्याचा विषय काढू लागले, त्यांना अडवलं गेलं आणि ते सभेतून निघून गेले.

१९१६ च्या हुतात्म्यांबद्दल आदर मलाही आहे. पण उठाव झाला तेव्हा डब्लिनच्या रस्त्यांवर बंडखोरांना शिव्या देणारेही होते. लोकमत फिरलं ते मुख्यतः ३ ते १२ मे या काळातल्या देहदंडाच्या शिक्षांनी: डब्लिनमध्ये चौदा आणि कॉर्कला एक जण गोळ्या घालून मारला गेला. रेडमंडांनी उठावाचा निषेध केला, पण सरसकट कठोरपणा करू नका असं ते सरकारला सांगत होते. सरकारने ऐकलं नाही. त्यानंतर ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांनी दोन्ही बाजूंशी बोलणी केली. अल्स्टरचे सहा परगणे होमरूलमधून वगळणं तात्पुरतं, असा समज रेडमंडांना करून दिला आणि कार्सन यांना नेमकं उलट लिहून दिलं. हे उघड झालं त्या दिवशी रेडमंडांचा पक्ष खरा संपला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रेडमंड ६ मार्च १९१८ रोजी वारले. पुढच्याच महिन्यात आयर्लंडवर सक्तीची लष्करभरती लादण्याची मुभा देणारा कायदा आला आणि डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा घेतल्या. रेडमंडांच्या पक्षाला सहा मिळाल्या. पण मतांकडेही बघा: २५ जागी शिन फेनविरुद्ध उमेदवारच नव्हता आणि तरीही झालेल्या मतदानात पाचव्या हिश्शाहून जास्त मतं जुन्या पक्षाला पडली. वॉटरफर्डची जागा रेडमंडांच्या मुलाने शिन फेनच्या त्या लाटेतही राखली. लोकांनी त्यांच्या पक्षाला हरवलं, हे मान्यच. पण त्यांनी शिक्षा केली ती लंडनवर विश्वास ठेवल्याबद्दल, आणि तो विश्वास मोडणारे लंडनमध्ये बसले होते. तुम्ही बोट रेडमंडांकडे दाखवता. मी ते आधी त्या काळचे पंतप्रधान ॲस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे दाखवेन.